जुन्या जीपगाडीत डीझेल एंजिन : जुळणीचा यांत्रिक व आर्थिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

नागपूरच्या आसमंतात जीप ही केवळ एक मोटारगाडी म्हणून कधीच ओळखली गेली नाही. रामटेक तालुक्यातील मनसर-कांद्रीच्या मँगनीज खाणी, उमरेडचा कोळसापट्टा, पेंच व बोर येथील जंगले आणि पावसाळ्यात चाके गिळून टाकणारी काळी माती या सर्व ठिकाणी भूवैज्ञानिक, वनाधिकारी, खाणमालक व संत्रा-बागाईतदार यांना पोचविणारे साधन म्हणजे जीप. यांपैकी मूळच्या बहुतेक गाड्या पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. कालांतराने इंधनाच्या खर्चाचा भार असह्य झाला, मूळ एंजिनाचे भाग मिळेनासे झाले आणि गाडीचा सांगाडा मात्र धडधाकट राहिला. अशा वेळी मालकाच्या मनात एकच विचार येई : पेट्रोल एंजिन काढावे आणि त्या जागी डीझेल एंजिन बसवावे.

वरवर पाहता हा प्रश्न लोहारकामाचा वाटतो. चार आधार तोडावेत, चार नवे जोडावेत, मधे एक जाड पट्टी घालून एंजिन व गिअरपेटी सांधावी, इतकेच. परंतु असे बदल केलेल्या ज्या गाड्या निकामी ठरतात, त्यांचे दोष तपासले असता सांधणीचे दोष थोडे आणि हिशेबाचे दोष फार असे दिसून येते. एंजिन हा गाडीचा सुटा अवयव नव्हे. त्याचा वेग, त्याची ओढ, गिअरांची प्रमाणे, चाकाचा व्यास आणि जमिनीची पकड ही एकाच साखळीची कडी होत. एक कडी बदलली की उरलेल्यांचा पुनर्विचार अटळ ठरतो. प्रस्तुत लेखात हा पुनर्विचार कोणत्या क्रमाने करावा, हे विल्यीज जीपच्या उदाहरणावरून स्पष्ट करावयाचे आहे.

२. जीपचे मूळ एंजिन

दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून तयार झालेल्या विल्यीज एमबी जीपमध्ये चार सिलिंडरांचे, २१९९ घन सेंमी. धारणेचे पेट्रोल एंजिन होते. त्याच्या सिलिंडराचा व्यास ७९.४ मिमी. आणि दट्ट्याचा धाव १११.१ मिमी. होता. धाव व्यासापेक्षा पुष्कळ मोठा असल्याने हे एंजिन मंद गतीलाही बऱ्यापैकी ओढीचे होते. मिनिटाला ४००० फेऱ्यांवर ते ६० अश्वशक्ती देत असे. १९५३ मध्ये आलेल्या सीजे-३बी या प्रकारात याच धारणेचे 'हरिकेन' एंजिन बसविण्यात आले. त्यात आगम-झडप डोक्यावर आणि निष्कास-झडप बाजूला अशी रचना होती. त्यामुळे एंजिनाची उंची वाढली आणि तिच्यासाठी गाडीचे बॉनेटही उंच करावे लागले. एंजिन बदलले की अंगरखाही बदलावा लागतो, हा धडा जीपच्या इतिहासात इतक्या लवकर लिहिला गेलेला आहे. हरिकेनची शक्ती ४००० फेऱ्यांवर सुमारे ७२ अश्वशक्ती इतकी होती.

भारतात या गाड्यांची जोडणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे महिंद्र आणि महिंद्र या संस्थेने सुरू केली. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला १९४८ मध्ये हे नाव मिळाले. सीजे-३बी हाच प्रकार आपल्याकडे दीर्घकाळ रूढ राहिला. म्हणून पुढील सर्व गणिते त्याच गाडीची घेतली आहेत.

३. डीझेलकडे ओढा का?

पेट्रोल एंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण दाबले जाऊन ठिणगीने पेटते. मिश्रण अकाली पेटू नये म्हणून दाबण्याचे प्रमाण मर्यादित ठेवावे लागते. जुन्या जीपमध्ये हे संपीडन-प्रमाण ७ च्या आसपास होते. डीझेल एंजिनात केवळ हवा दाबली जाते आणि तप्त हवेत इंधनाचा सूक्ष्म फवारा सोडला जातो. म्हणून तेथे प्रमाण १८ किंवा त्याहूनही अधिक ठेवता येते.

या फरकाचे मूल्य ऊष्मागतिकीच्या विद्यार्थ्यास सहज काढता येईल. आदर्श ऑटो चक्राची कार्यक्षमता संपीडन-प्रमाण ७ असता सुमारे ५४ टक्के येते. आदर्श डीझेल चक्राची कार्यक्षमता संपीडन-प्रमाण १८ व कट-ऑफ प्रमाण २ घेतल्यास सुमारे ६३ टक्के येते. प्रत्यक्ष एंजिने या दोन्ही आकड्यांच्या पुष्कळच खाली राहतात, परंतु त्यांच्यातील गुणोत्तर मार्गदर्शक आहे. शिवाय एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल, तर एक लिटर डीझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊष्मा असतो. या दोन गोष्टी एकत्र केल्या म्हणजे एका लिटरामागे सुमारे तीस टक्क्यांचा लाभ केवळ तत्त्वतः पदरात पडतो. पेट्रोल एंजिन अंशभारावर चालताना हवेचा मार्ग थ्रॉटलने आवळला जातो आणि त्या गुदमरलेल्या श्वासात काही शक्ती वाया जाते. डीझेल एंजिनात हवा मोकळी असते, कमी-जास्त होते ते इंधन. जीप बहुतांश वेळ अंशभारावरच चालते, म्हणून व्यवहारातील लाभ या आकड्याच्याही पुढे जातो.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव भडकले आणि शासकीय धोरणामुळे डीझेल त्या मानाने स्वस्त राहिले. तेव्हा हा तात्त्विक लाभ मालकांच्या खिशाला प्रत्यक्ष जाणवू लागला. एंजिन-बदलाच्या लाटेचे खरे कारण येथे आहे.

४. अश्वशक्ती नव्हे, टॉर्क

एंजिन निवडताना सामान्यतः पहिला प्रश्न विचारला जातो तो अश्वशक्तीचा. हाच बहुधा चुकीचा प्रश्न ठरतो. अश्वशक्ती म्हणजे पीळ आणि वेग यांचा गुणाकार. हा पीळ, ज्याला पारिभाषिक मराठीत परिपीडन परिबल व कारखान्यात टॉर्क म्हणतात, किती फेऱ्यांवर मिळतो यावर गाडीचे वर्तन ठरते.

तुलनेसाठी एक सुपरिचित उदाहरण घेऊ. अमेरिकेत १९६१ पासून सीजे-५ जीपमध्ये पर्किन्स कंपनीचे सुमारे ३.१ लिटरचे डीझेल एंजिन कारखान्यातूनच बसवून मिळत असे. त्याची शक्ती ३००० फेऱ्यांवर ६२ अश्वशक्ती, म्हणजे हरिकेनपेक्षा दहाने कमी. परंतु त्याचा कमाल टॉर्क १३५० फेऱ्यांवर सुमारे १९४ न्यूटन-मीटर होता. हरिकेनचा कमाल टॉर्क २००० फेऱ्यांवर सुमारे १५५ न्यूटन-मीटर. म्हणजे कागदावर दुबळे दिसणारे डीझेल एंजिन ओढीला चतुर्थांशाने सरस आणि ती ओढही मंद गतीला देणारे.

येथे घाईने असा निष्कर्ष काढला जातो की डीझेल जीप चढावर अधिक जोर लावील. तो तपासून पाहू. सीजे-३बीच्या गिअरपेटीतील पहिल्या गिअरचे प्रमाण २.८, चारचाकी चालनाच्या ट्रान्स्फर पेटीतील 'लो'चे प्रमाण २.४६ आणि आसाच्या क्राऊन-पिनियनचे प्रमाण ५.३८ असे धरू. या तिहींचा गुणाकार सुमारे ३७ येतो. हरिकेनच्या १५५ न्यूटन-मीटरला ३७ ने गुणले असता चाकांवर सुमारे ५७०० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर आणि दंतचक्रांतील घट पंधरा टक्के धरली, तर जमिनीवर सुमारे १३,८०० न्यूटन रेटा पडावा. परंतु चालक व सामानासह गाडी १५०० किलोग्रॅम वजनाची मानली आणि घट्ट मुरमावरील घर्षणांक ०.६ घेतला, तर जमीन सुमारे ८,८०० न्यूटनपेक्षा अधिक रेटा पेलूच शकत नाही. त्यापुढे चाक जागच्या जागी फिरते.

याचा अर्थ असा की सर्वांत खालच्या गिअरात जुन्या पेट्रोल जीपजवळही जमिनीला पेलवेल त्याहून अधिक जोर होता. त्यात डीझेलचा जोर ओतला तर रेटा १७,४०० न्यूटनवर जातो. त्याचा उपयोग शून्य, धोका मात्र खरा. एखादे चाक खडकांत अडकले असता हा जास्तीचा जोर जमिनीत न जाता आसाच्या दांड्यात, क्राऊन-पिनियनच्या दात्यांत आणि सार्वत्रिक सांध्यांत शिरतो, आणि त्यांतील सर्वांत दुबळा भाग तुटतो. डीझेल बसविल्यावर 'आस कच्चे निघाले' अशी तक्रार ऐकू येते. आस कच्चे नसतात, हिशेब कच्चा असतो.

५. वेगाचा हिशेब आणि आसाचे प्रमाण

मग वाढीव टॉर्कचे करावयाचे काय? उत्तर वेगाच्या हिशेबात आहे.

जीपच्या ६.००-१६ मापाच्या टायरचा जमिनीवरील परीघ सुमारे २.२ मीटर धरू. वरच्या गिअरात गिअरपेटीचे प्रमाण एकास एक असते. हरिकेन एंजिन ४००० फेऱ्यांवर असता ५.३८ प्रमाणाच्या आसावर गाडीचा वेग ताशी सुमारे ९८ किमी. येतो. आता त्याच आसावर ट्रॅक्टरचे एंजिन बसवू. शेतीत ही एंजिने मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांच्या मर्यादेत चालविली जातात. त्या मर्यादेत गाडीचा वेग ताशी ४९ किमी. होतो. नियंत्रकाची मर्यादा ३००० फेऱ्यांपर्यंत नेली तरी वेग ७४ किमी.च्या पुढे जात नाही, आणि संपूर्ण वेळ एंजिन आपल्या मर्यादेला टेकून ओरडत राहते. नागपूर-जबलपूर महामार्गावर अशी गाडी चालविणाऱ्याच्या कानांना या गणिताचा प्रत्यय वेगळा देण्याची आवश्यकता नाही.

अनेक कारागीर या अवस्थेत नियंत्रकाची कमान आवळून फेरे आणखी वाढवितात. हा मार्ग सर्वथा त्याज्य होय. डीझेल एंजिनाचे दट्टे व जोडदंड जड असतात आणि त्यांच्यावरील जडत्वीय बल वेगाच्या वर्गाने वाढते. २००० फेऱ्यांवरून ३००० वर गेल्यास ते सव्वादोन पट होते. ज्या एंजिनाची रचनाच अधिक फेऱ्यांसाठी केलेली नाही, त्याची कमान आवळणे म्हणजे जोडदंडाच्या बोल्टांशी जुगार खेळणे होय.

योग्य उपाय आसाच्या प्रमाणात आहे. ५.३८ ऐवजी ४.२७ प्रमाणाचे क्राऊन-पिनियन घातले, तर ३००० फेऱ्यांवर वेग ताशी सुमारे ९३ किमी. होतो. आता खालच्या टोकाला काय होते ते पाहू. पहिला गिअर, 'लो' आणि ४.२७ यांचा गुणाकार २९.४ येतो. पर्किन्सच्या १९४ न्यूटन-मीटरला त्याने गुणले असता चाकांवर सुमारे ५७०० न्यूटन-मीटर मिळतो. म्हणजे हरिकेन आणि ५.३८ यांच्या जोडीने जेवढा मिळत होता तेवढाच.

या लेखाचा मुख्य मुद्दा हाच होय. डीझेलचा वाढीव टॉर्क ही चढावर उधळावयाची रक्कम नसून रस्त्यावरील हरवलेला वेग परत विकत घेण्याची रक्कम आहे. आसाचे प्रमाण योग्य बदलले म्हणजे तळाची ओढ पूर्ववत राहते, वरचा वेग जवळजवळ पूर्ववत होतो आणि आसांवर मूळ रचनेहून अधिक भार पडत नाही. शिवाय एक निर्भेळ लाभ उरतो. ही ओढ २००० फेऱ्यांऐवजी १३५० फेऱ्यांवर मिळत असल्याने गाडी ताशी ७ किमी.ऐवजी ६ किमी.च्या चालीने, क्लच न घसरविता चिखलातून किंवा नाल्यातून जाऊ शकते. काळ्या मातीत सुटका जोराने होत नाही, संथपणाने होते, हे वैदर्भीय चालकाला ठाऊकच आहे.

एक सूचना मात्र काटेकोरपणे पाळावी. पुढच्या व मागच्या आसांची प्रमाणे नेहमी एकच असावीत. केवळ मागचा आस बदलून पुढचा तसाच ठेवला, तर चारचाकी चालन जोडताच पुढची व मागची चाके भिन्न वेगाने फिरू पाहतील. ५.३८ आणि ४.२७ यांत सव्वीस टक्क्यांचे अंतर आहे. कठीण रस्त्यावर हे अंतर घसरून भरून निघत नाही आणि ट्रान्स्फर पेटी फुटण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

६. कारखान्याने दाखविलेले दोन मार्ग

वरील विचार केवळ पुस्तकी नाही. भारतीय जीपच्या इतिहासात त्याचे दोन्ही पर्याय प्रत्यक्ष उतरलेले आहेत.

पहिला मार्ग ट्रॅक्टर-एंजिनाचा. १९६३ मध्ये महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांच्या सहकार्याने इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि मुंबईत कांदिवली येथे बी-२७५ ट्रॅक्टर तयार होऊ लागला. पुढे १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. त्या ट्रॅक्टरच्या चार सिलिंडरी डीझेल एंजिनाचा व्यास ८५.७ मिमी. व धाव १०१.६ मिमी. होता. यावरून धारणा सुमारे २३५० घन सेंमी. येते आणि जीपमध्ये बसविलेल्या एमडी-२३५० या एंजिनाच्या नावातील आकडाही तोच आहे. पुढे व्यास ८८.९ मिमी. करून, धाव तोच ठेवून २५२३ घन सेंमी.चे एंजिन निघाले. बोलेरोसारख्या गाड्यांपर्यंत हा आकडा टिकून राहिला. शेतात नांगर ओढण्यासाठी कल्पिलेल्या एंजिनाचा वंश अशा प्रकारे रस्त्यावर नांदला. नागपूरजवळ हिंगणा औद्योगिक वसाहतीत आज महिंद्रचा ट्रॅक्टर-कारखाना आहे. विदर्भात या घराण्याच्या एंजिनांचे भाग व ती जाणणारे कारागीर सहज सापडावेत, यात नवल नाही.

दुसरा मार्ग शीघ्रगती एंजिनाचा. १९७९ मध्ये फ्रान्सच्या पेजो कंपनीशी परवाना-करार होऊन एक्सडीपी-४.९० हे एंजिन भारतात आले आणि १९८० च्या दशकात एमएम-५४० जीपमध्ये बसविले गेले. त्याचा व्यास ९० मिमी. आणि धाव केवळ ८३ मिमी., धारणा २११२ घन सेंमी. आखूड धावेमुळे ते ४५०० फेऱ्यांपर्यंत जाऊ शकत होते. अशा एंजिनाचा टॉर्क हरिकेनपेक्षा अधिक नसतो. परंतु त्याचा वेग पेट्रोल एंजिनाच्या वेगाशी मिळताजुळता असल्याने आसाचे प्रमाण मोठ्या प्रमाणात बदलण्याची निकड राहत नाही. पुण्याच्या बजाज टेंपोने डाइमलर-बेंझच्या परवान्याखाली तयार केलेल्या 'मॅटॅडोर'च्या एंजिनाला जुन्या मोटारींत जी मागणी आली, तिचे एक कारण हेच होय.

तात्पर्य, मंदगती एंजिन निवडले तर आस बदलावा, आस बदलावयाचा नसेल तर शीघ्रगती एंजिन निवडावे. मंदगती एंजिन आणि मूळ आस ही जोडी सर्वांत स्वस्त असते व सर्वांत लवकर पश्चात्तापास कारण होते.

जबलपूरच्या वाहन कारखान्यात निसानच्या परवान्याखाली तयार झालेल्या 'जोंगा' या सैनिकी गाडीचे उदाहरण येथे पूरक ठरेल. तिचे सहा सिलिंडरी पेट्रोल एंजिन सुमारे चार लिटरचे. लिलावात अशी गाडी घेणाऱ्यास तिची तहान परवडत नाही व तो डीझेलकडे वळतो. तेथेही प्रश्न तोच : मूळ एंजिनाचा वेग किती होता आणि नव्याचा किती आहे?

७. सांधणीतील कसोटीची स्थळे

हिशेब पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष सांधणी. तिच्यातील सर्व कृती येथे देण्याचे प्रयोजन नाही. ज्या स्थळी चूक झाली असता ती उशिरा कळते, तेवढीच नोंदवू.

(अ) मध्यरेषा. एंजिन व गिअरपेटी यांमधील सांधपट्टी लेथवर तयार करून डायल-गेजने तपासावी. भुजादंड आणि गिअरपेटीचा आगम-दंड यांच्या मध्यरेषांत मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांहून अधिक फरक असता कामा नये. डोळ्यांना न दिसणारा हा फरक क्लचची तबकडी व पुढचे बेअरिंग काही महिन्यांत खाऊन टाकतो.

(आ) आधार व चौकट. डीझेल एंजिन जड असते व मंद गतीला त्याचे हादरे मोठे असतात. रबरी आधार घट्ट केल्यास हादरे चौकटीत उतरतात व वितळजोडांपासून भेगा सुरू होतात. पुढच्या पाटा-कमानीही वाढीव वजनाला साजेशा हव्यात. कमानी पूर्ण दबल्या असता एंजिनाची तेलटाकी पुढच्या आसावर आपटणार नाही, हे गाडी उभी असताना नव्हे तर कमानी दाबून पाहावे.

(इ) शीतन. येथे नागपूरचे हवामान प्रश्नाला स्वतःचे उत्तर मागते. प्रारकातील पाणी ९० अंश सेल्सिअस आणि बाहेरील हवा २५ अंश असता त्यांच्यातील अंतर ६५ अंश असते. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की अंतर ४५ अंश उरते, म्हणजे त्याच प्रारकाची ऊष्मा फेकण्याची शक्ती सुमारे ३१ टक्क्यांनी घटते. त्यातून 'लो' गिअरात चढ चढताना समोरून येणारा वारा जवळजवळ नसतोच. म्हणून प्रारक एंजिनाच्या मापाचा घ्यावा, गाडीच्या मापाचा नव्हे, आणि पंख्याभोवती झोत बांधणारे आवरण अवश्य ठेवावे.

(ई) वीज. युद्धकालीन जीपची वीज-व्यवस्था सहा व्होल्टची होती. अठरास एक संपीडन असलेले एंजिन फिरविण्यास ती अपुरी आहे. बारा व्होल्टची मोठी बॅटरी, सशक्त स्टार्टर, जाड तारा आणि, एंजिनाला लागत असल्यास, तापक प्लगांचे स्वतंत्र मंडल ही आवश्यक आहेत.

(उ) इंधनमार्ग. अंतःक्षेपण-पंपाचे वंगण डीझेलच करते. टाकीत पेट्रोलचा अंश किंवा जुना गंज राहिल्यास पंपाची झीज लगेच सुरू होते. टाकी धुऊन घ्यावी, पाणी वेगळे करणारी गाळणी बसवावी आणि अंतःक्षेपकांतून परतणाऱ्या इंधनासाठी टाकीपर्यंत परतीची नळी टाकावी. डीझेल एंजिन ठिणगी तोडून थांबत नाही, इंधन तोडूनच थांबते. म्हणून इंधन बंद करण्याचा खटका चालकाच्या हाताशी असलाच पाहिजे.

(ऊ) ब्रेक. ज्या गाडीत निर्वाताच्या साहाय्याने चालणारे ब्रेक आहेत, तेथे विशेष दक्षता हवी. पेट्रोल एंजिनाच्या आगम-नळीत निर्वात आपोआप असतो. डीझेलमध्ये थ्रॉटल नसल्याने तो नसतो. स्वतंत्र निर्वात-पंप न बसविल्यास पाय दाबूनही गाडी अपेक्षित अंतरात थांबत नाही, आणि ही उणीव कळते ती बहुधा पहिल्याच उतारावर.

८. खर्चाचा ताळेबंद

या बदलाने पैसा वाचतो काय, याचे उत्तर होय किंवा नाही असे देता येत नाही. ते गाडीच्या वार्षिक प्रवासावर अवलंबून आहे. बदलाचा एकूण खर्च भागिले दर किलोमीटरची बचत म्हणजे खर्च फिटण्यासाठी कापावे लागणारे अंतर.

केवळ उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि एका लिटरात ७ किमी., म्हणजे किलोमीटरला १५ रुपये. डीझेल ९३ रुपये लिटर आणि १० किमी., म्हणजे ९ रुपये ३० पैसे. बचत ५ रुपये ७० पैसे. एंजिन, सांधपट्टी, क्राऊन-पिनियन, प्रारक, बॅटरी व मजुरी मिळून १,७१,००० रुपये लागले असे मानल्यास ३०,००० किमी. धावल्यावर खर्च फिटतो. वर्षाला १५,००० किमी. धावणाऱ्या कामाच्या गाडीला त्यासाठी दोन वर्षे पुरतील. हौसेने जपलेली आणि वर्षाला २,००० किमी. फिरणारी गाडी पंधरा वर्षे घेईल.

तेलसंकटानंतरच्या काळात हा बदल शहाणपणाचा ठरला, कारण तेव्हा जीप ही रोजच्या राबत्याची गाडी होती आणि दोन इंधनांच्या भावांतील दरी मोठी होती. पेट्रोलचे भाव २०१० मध्ये व डीझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये शासकीय नियंत्रणातून मुक्त झाल्यावर ती दरी अरुंद झाली. जुनी जीप राबत्यातून निघून छंदाच्या दालनात गेली. गणिताचे सूत्र तेच राहिले, त्यातील आकडे पालटले.

९. कायदा आणि धूर

यंत्रशास्त्राने जे शक्य ठरविले ते सर्वच कायद्याने मान्य होते असे नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. भिन्न इंधनासाठी विहित अटींनुसार संमत परिवर्तन-संच बसविण्याची मुभा त्यात आहे. दुसऱ्या गाडीचे एंजिन उचलून बसविणे ही वेगळी गोष्ट होय. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या कलमाचा कठोर अर्थ लावला. म्हणून सार्वजनिक रस्त्यावर चालवावयाच्या गाडीबाबत पहिले पाऊल कार्यशाळेकडे नव्हे, नोंदणी-अधिकाऱ्याच्या कार्यालयाकडे पडले पाहिजे. नोंदीत पेट्रोल आणि बॉनेटखाली डीझेल अशी गाडी अपघातात सापडल्यास विम्याचा दावा धोक्यात येतो, आणि तेव्हा वाचविलेल्या इंधनाचा हिशेब कोणी विचारात घेत नाही.

धुराचा विचारही टाळता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डीझेल एंजिनाच्या धुराची गणना मानवात निश्चितपणे कर्करोगकारक असणाऱ्या पदार्थांत केली. जुने ट्रॅक्टर-एंजिन, झिजलेले अंतःक्षेपक आणि आवळलेला नियंत्रक यांचे त्रिकूट काळ्या धुराचे हमखास उगमस्थान असते. १९५८ मध्ये स्थापन झालेली व आज राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था या नावाने ओळखली जाणारी संस्था ज्या नगरीत आहे, तेथील अभियंत्याने तरी किलोमीटरची किंमत केवळ रुपयांत मोजू नये.

१०. समारोप

जुन्या जीपमध्ये डीझेल एंजिन बसविण्याची इच्छा धरणाऱ्याने पुढील पाच प्रश्न याच क्रमाने विचारावेत : हा बदल नोंदणीत मान्य होईल काय? गाडी वर्षाला किती धावते? नव्या एंजिनाचा टॉर्क कोणत्या फेऱ्यांवर मिळतो? त्याच्या वेगाला दोन्ही आसांचे प्रमाण साजेसे आहे किंवा करता येईल काय? मे महिन्यात चढावर त्याचे पाणी थंड राहील काय? या पाचांची उत्तरे समाधानकारक आल्यानंतरच एंजिन खोलीत मावेल की नाही, हा सहावा प्रश्न उपस्थित होतो. आपल्याकडे तो बहुधा पहिला विचारला जातो आणि उरलेल्या पाचांची उत्तरे गाडी स्वतः, रस्त्याच्या कडेला उभी राहून देते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या विषयाकडे अभ्यासाचे साधन म्हणूनही पाहता येईल. ऊष्मागतिकी, यंत्रांची गतिकी, ऊष्मा-संक्रमण, पदार्थांचा थकवा आणि अभियांत्रिकी अर्थशास्त्र ही जी प्रकरणे वर्गात निरनिराळ्या तासांना शिकविली जातात, ती एका जुन्या गाडीच्या बॉनेटखाली एकत्र येतात. त्यांपैकी एकाही प्रकरणाकडे दुर्लक्ष केले तर बाकीच्यांचे शुद्ध गणितही गाडीला घरी पोचवीत नाही.